रेकामियेची झाली बेआत्रिचे

पॅरिसमध्ये नामवंतांच्या बैठका भरवणारी, नेपोलियनने शहराबाहेर घालवलेली जुलिएत रेकामिये 1813 मध्ये रोमला आली, तेव्हा तिच्या सौंदर्याची ख्याती युरोपभर होती. इटालियन शिल्पकार अंतोनियो कानोव्हा यांनी तिला समोर न बसवता, नुसत्या आठवणीवरून तिचे मुखशिल्प मातीत घडवले. ते पाहून तिची नाराजी लपली नाही. कानोव्हांनी मग त्या चेहऱ्यावर ऑलिव्हच्या पानांचा मुकुट चढवला आणि त्याला इटालियन कवी दान्तेच्या काव्यातल्या प्रेयसीचे, बेआत्रिचेचे नाव दिले. व्यक्तिशिल्पाचे आदर्श शिल्प, म्हणजे कुणा एकीचे नव्हे तर कल्पनेतल्या सौंदर्याचे शिल्प, झाले ते असे.

या आदर्शाचे मूळ अर्धशतक मागे आहे. 1755 मध्ये जर्मन अभ्यासक विंकेलमान यांनी ग्रीक कलेचे मर्म ‘उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता’ असे सांगितले. कपाळापासून नाकापर्यंत एकच सरळ रेष, भरीव हनुवटी, किंचित विलग ओठ आणि बुबुळे न कोरलेले डोळे ही मग सौंदर्याची खूण ठरली. वास्तविक प्राचीन ग्रीक मूर्ती रंगवलेल्या असत. उरला होता तो रंग उडालेला दगड, आणि त्याचा पांढरेपणाच पावित्र्य मानला गेला. या एका गैरसमजाने स्त्रीच्या चेहऱ्याकडे पाहण्याची दृष्टी किती काळ बांधून ठेवली, याचे मला फार वाईट वाटते.

तरीही कानोव्हांचा दगड थंड वाटत नाही. आधी माती, मग प्लास्टरची प्रत. त्या प्रतीवर धातूच्या खुणा ठोकून मापे काढायची आणि ती इटलीतल्या कर्राराच्या संगमरवरावर उतरवायची. ढोबळ कोरीव काम सहायकांचे. शेवटचा हात मात्र स्वतः कानोव्हांचा, तोही मेणबत्तीच्या उजेडात, कारण त्वचेचा चढउतार तिरप्या प्रकाशातच दिसतो.

1811 ची ‘हेलन’, म्हणजे ग्रीक पुराणकथेतल्या सुंदरीचे शिर, त्यांनी व्हेनिसच्या इझाबेला तेओतोकी आल्ब्रित्सी यांना भेट दिली. हेलन अंड्यातून जन्मली अशी कथा. म्हणून तिच्या डोक्यावर कवचासारखी टोपी आहे. 1816 मध्ये इंग्रज कवी बायरनने या शिल्पावर कविता केली. पुढे, फ्रेंचांनी नेलेल्या इटालियन कलाकृती परत मिळवायला मदत करणाऱ्या इंग्रजांनाही कानोव्हांनी अशीच स्त्रीशिरे आभारादाखल पाठवली.

त्यांच्या जन्मगावी, पोसान्योला, प्लास्टरच्या प्रती जपल्या आहेत. त्यांच्या अंगावर मापांच्या त्या धातूच्या खुणा अजून दिसतात.