बिल वॉल्श: सॅन फ्रान्सिस्कोआधीचं सिनसिनाटी

अमेरिकन फुटबॉलमधल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाने मुख्य प्रशिक्षक वॉल्श यांच्या हाताखाली जिंकलेले तीन सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगचे अंतिम सामने, सगळ्यांना ठाऊक आहेत. पण ज्या खेळाने ते मिळाले, तो घडला सिनसिनाटीत. वॉल्श 1968 ते 1975 तिथल्या बेंगल्स संघात सहायक प्रशिक्षक होते. 1969 मध्ये त्यांच्याकडे ग्रेग कुक हा लांब फेकीचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणारा खेळाडू, होता. पहिल्याच हंगामात त्याचा खांदा निकामी झाला. पुढच्या वर्षी आलेल्या व्हर्जिल कार्टरची फेक लांब जात नसे, पण ती अचूक होती आणि त्याचं डोकं झटपट चाले.

मग वॉल्श यांनी 160 फूट रुंदीचं मैदान आडवं वापरायला घेतलं. क्वार्टरबॅकने तीन किंवा पाच पावलं मागे जायचं आणि शेवटचा पाय टेकताच चेंडू सोडायचा. पहिला रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) अडवलेला असेल तर दुसरा, तोही मोकळा नसेल तर जवळचा रनिंग बॅक (एरवी चेंडू घेऊन धावणारा खेळाडू). चेंडू छातीच्या किंचित पुढे हवा, म्हणजे धाव तुटत नाही. रिसीव्हर दोन यार्ड उशिरा वळला की चेंडू थेट बचावपटूच्या हातात जातो; म्हणून सरावात पावलांवर एवढा भर. 1971 मध्ये कार्टरचे 62.2 टक्के पास पूर्ण झाले, लीगमध्ये सर्वाधिक.

1976 च्या सुरुवातीला सिनसिनाटीचे पॉल ब्राउन मुख्य प्रशिक्षकपदावरून निवृत्त झाले. संघाच्या मालकीतला वाटा आणि कारभार त्यांच्याकडेच राहिला. वारस म्हणून त्यांनी वॉल्श यांना डावलून बिल जॉन्सन यांना नेमलं. हा निर्णय चुकलाच. जॉन्सन 1978 च्या हंगामात मध्येच पायउतार झाले. ब्राउन यांनी इतर संघांकडेही आपली वाट अडवली, असा आरोप वॉल्श यांनी उतारवयात उघडपणे केला. लीगमध्ये मुख्य प्रशिक्षकपद मिळायला त्यांना 47 वर्षांचं व्हावं लागलं, तेही सॅन डिएगोचा संघ आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ असा वळसा घेऊन.

सॅन फ्रान्सिस्कोतला 1979 चा पहिला हंगाम 2 विजय, 14 पराभव असा गेला. पण त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू आळीपाळीने निवडायच्या फेरीत, 82 व्या क्रमांकावर क्वार्टरबॅक जो मोंटाना हाती लागला. सिनसिनाटीत काही मोजक्या चालींपासून सुरू झालेली, सामन्याआधीच लिहून ठेवायची यादी इथे 25 पर्यंत गेली. गोंगाटात निर्णय घ्यावा लागू नये आणि प्रत्येक रचनेला बचाव कसा उभा राहतो ते आधीच कळावं, हा तिचा उपयोग.

जानेवारी 1982 च्या सुपर बोलमध्ये समोर सिनसिनाटीच होतं आणि क्वार्टरबॅक होता वॉल्श यांनीच घडवलेला केन अँडरसन. निकाल 26-21. जानेवारी 1989 मध्ये पुन्हा तोच प्रतिस्पर्धी. 13-16 अशा पिछाडीवरून, स्वतःच्या 8 यार्ड रेषेपासून मोंटानाने बहुतेक छोट्या पासांवर 92 यार्ड कापले आणि 34 सेकंद उरलेले असताना जॉन टेलरला विजयी पास दिला. फोर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक म्हणून वॉल्श यांचा हा शेवटचा सामना.