टोपीकर : मराठी दरबाराने पाहिलेला इंग्रज

जुन्या मराठी कागदपत्रांत युरोपातून आलेल्या लोकांची नावे वेगवेगळी येतात. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, वलंदेज म्हणजे डच, फरासिस म्हणजे फ्रेंच, डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे, आणि इंगरेज. सगळ्यांना मिळून शब्द एकच : टोपीकर. डोक्याला पागोटे नाही, टोपी आहे, एवढ्यावरून पडलेले हे नाव. मराठी दरबाराला हे परके एकजात गोरे वाटत नव्हते. कोण कोणाचा शत्रू, कोणाची वखार कुठे, कोणाचे आरमार किती, याची माहिती ठेवली जात होती. त्यातून इंग्रजांबद्दलचे मत कसे घडले, हे पाहायचे तर सुरुवात राजापुरापासून करावी लागते.

1660 साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. त्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफ आणि दारूगोळा घेऊन आला आणि इंग्रजांचे निशाण लावून गडावर मारा केला. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले, वखार खणून काढली आणि इंग्रजांना कैदेत टाकले. त्यातले शेवटचे कैदी 1663 मध्ये सुटले. या घटनेतला धडा दरबार विसरला नाही. सावकार मालाबरोबर तोफ आणतो आणि ती आपल्या राजाच्या निशाणाखाली डागतो, तेव्हा तो नुसता सावकार उरत नाही.

1674 मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला. बरोबर दुभाषा नारायण शेणवी होता. दरबारात इंग्रजांनी दुरूनच वाकून मुजरा केला आणि महाराजांना द्यायची हिऱ्याची अंगठी नारायण शेणव्याने वर धरून दाखवली. बोलणी निराजी रावजींमार्फत चालली. राजापूरच्या नुकसानीबद्दल 10,000 होन कबूल झाले, पण मुख्यतः माल आणि जकातीतली सूट या रूपाने. इंग्रजांच्या मालावर अडीच टक्के जकात ठरली. किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांचा माल परत मिळावा, हे कलम मात्र महाराजांनी मान्य केले नाही. तो कोकणचा रिवाज नाही, आणि एकाला ही सवलत दिली तर फ्रेंच व वलंदेजही तीच मागतील, असे कारण दिले. व्यापार हवा, म्हणून जकात हलकी. किनाऱ्यावरचा हक्क मात्र राज्याचा. पुढच्या शंभर वर्षांत ही रेघ जिथे जिथे पुसली गेली, तिथे तिथे नुकसान झाले.

गडावरची आणखी एक गोष्ट इंग्रजांच्याच लिखाणात आहे. खिचडीला कंटाळलेल्या या पाहुण्यांसाठी रोज मटणाची सोय करावी लागली. ते पुरवणारा खाटीक म्हातारा होता, तरी तो मुद्दाम गड चढून त्यांना बघायला आला, कारण कित्येक वर्षांत विकले नव्हते एवढे मटण या मूठभर माणसांनी थोड्या दिवसांत घेतले होते. दरबाराबाहेरच्या माणसाने इंग्रज कसा पाहिला, याच्या अशा नोंदी फार थोड्या आहेत.

1679 मध्ये मुंबईच्या तोंडाशी, थळसमोरच्या खांदेरी बेटावर मराठ्यांनी तट बांधायला घेतला आणि इंग्रजांनी तो अडवायला जहाजे पाठवली. ती मोठी, खोल बुडाची, वाऱ्यावर चालणारी. मराठी आरमाराचा सरदार मायनाक भंडारी, त्याची होडकी उथळ बुडाची, वल्ह्यांनी चालणारी. वारा पडला की जहाज जागच्या जागी खिळायचे आणि होडकी किनाऱ्यावरून दगड, चुना, धान्य बेटावर पोचवायची. जानेवारी 1680 मध्ये इंग्रजांनी नाद सोडला. त्यांचे बळ खोल पाण्यात आहे, उथळ पाण्यात नाही, हे इथे पुरते कळले.

हे सगळे ज्ञान एका जागी उतरले ते आज्ञापत्रात. रामचंद्रपंत अमात्य राज्याभिषेकाच्या वेळच्या अष्टप्रधानांपैकी. त्यांनी 1715-16 च्या सुमारास कोल्हापूर दरबारासाठी राजनीतीचा हा ग्रंथ लिहिला. त्यातले टोपीकरांवरचे प्रकरण लहान आहे, पण माझ्या मते त्या काळात हिंदुस्थानात कोणी इंग्रजांबद्दल इतके नेमके लिहिले नसेल. पंत म्हणतात, हे इतर सावकारांसारखे नव्हेत. यांचे धनी स्वतः राज्य करतात आणि त्यांच्या हुकमाने हे येतात. राज्य करणाऱ्याला जागेचा लोभ नाही, असे कधी होते का? ही ‘हट्टी जात’, हाती आलेली जागा मेल्यानेही सोडणार नाही.

मग येतात नियम, आणि ते बंदर ओळखणाऱ्या माणसाचे आहेत. यांचे येणे-जाणे आले-गेले एवढेच असू द्यावे. जंजिऱ्यांच्या, म्हणजे पाण्यातल्या किल्ल्यांच्या, जवळ फिरकू देऊ नये. वखारीला जागा द्यावीच लागली तर खाडीच्या तोंडाशी, समुद्राकाठी देऊ नये. राजापुरासारखी खाडी लांबवर आत गेलेली असेल तिथे, मोठ्या शहराच्या आटोक्यात, सखल जागी द्यावी. पक्की इमारत बांधू देऊ नये. कारणही पंत सांगतात : आरमार आणि दारूगोळा हेच यांचे बळ. काठावर जागा मिळाली की जहाजे पाठीशी घालून, त्यांच्या जोरावर बंदरात नवा किल्लाच उभा करतील, आणि तेवढी जागा राज्यातून गेलीच म्हणून समजावे. वखार आत असली तर जहाजाची तोफ तिथवर पोचत नाही. सखल जागी असली तर वरून दाबता येते. कच्ची असली तर तिचा किल्ला होत नाही.

आता पुढच्या चाळीस वर्षांत काय झाले ते पाहू. मराठी आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे जहाजांना आपले दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायला लावत, न घेणारे जहाज धरत. मुंबईकर इंग्रजांनी 1718 मध्ये खांदेरीवर आणि 1721 मध्ये पोर्तुगीजांना घेऊन कुलाब्यावर हल्ला केला. दोन्ही फसले. पण पुढे कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे याच्याशी नानासाहेब पेशव्यांचे बिनसले आणि त्यांनी इंग्रजांनाच मदतीला घेतले. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. किल्ला मात्र इंग्रजांनी पेशव्यांना लगेच दिला नाही. ऑक्टोबरच्या तहात तो सोडला, त्या बदल्यात बाणकोट कायमचे पदरात पाडून. बाणकोट कुठे आहे? सावित्रीच्या खाडीच्या अगदी तोंडाशी, समुद्राकाठी. अमात्यांनी जी जागा देऊ नका म्हणून लिहून ठेवले होते, नेमकी तीच, आणि ती मराठी राज्याच्या पंतप्रधानाने दिली. इंग्रज कळला नव्हता, असे म्हणता येत नाही. त्या घडीला घरचा वैरी जास्त जवळचा वाटला, एवढेच.

राघोबादादांच्या वेळी हेच पुन्हा झाले. 1775 च्या सुरतेच्या तहात त्यांनी साष्टी आणि वसई देऊ केली. राघोबांना गादीवर बसवायला निघालेली मुंबईची फौज जानेवारी 1779 मध्ये तळेगावापर्यंत आली. वाटेवरचे गवत जाळलेले, गाव ओसाड. अवजड तोफा तळ्यात टाकून ती रात्रीची मागे फिरली आणि वडगावला महादजी शिंद्यांनी तिला कोंडले. तह झाला, पण इंग्रजांच्या कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने तो नाकारला. सुरतेचा तहही कलकत्त्यानेच अमान्य केला होता. म्हणून पुढे सालबाईच्या तहाच्या वेळी महादजींनी बोलणी केली ती थेट गव्हर्नर जनरलच्या वकिलाशी, अँडरसनशी.

याच मोहिमेत कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्यूअर्ट पडला. मराठ्यांनी त्याला नाव दिले ‘इष्टुर फाकडा’. फाकडा म्हणजे देखणा, धाडसी शूर. मानाजी शिंद्यांना लावले तेच बिरुद. वडगावला त्याची समाधी आहे. राज्याचा वैरी वेगळा आणि समोर उभा ठाकलेला शिपाई वेगळा, हा फरक मराठी माणसाने केला.

1786 मध्ये मॅलेट पुण्यात रेसिडेंट, म्हणजे दरबारात राहणारा इंग्रजांचा वकील, म्हणून आला. पुढे 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली : इंग्रजांचे 6,000 पायदळ कायमचे ठेवायचे, त्याच्या खर्चासाठी 26 लाखांचा मुलूख द्यायचा, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणाशी बोलायचे नाही. वखारीला जागा देण्याचा प्रश्न तिथे संपला.

1818 मध्ये पेशवाई बुडाली, त्यानंतर नजर बदलली. लोकहितवादींनी 1848 पासून ‘प्रभाकर’मधल्या पत्रांतून इंग्रजांकडून विद्या आणि उद्योग शिका, असा आग्रह धरला. पण त्याआधीच, 1841 मध्ये, भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘एक हिंदू’ या नावाने इंग्रजीत पत्रे लिहिली होती. तुम्ही आम्हाला पेंढाऱ्यांपासून वाचवलेत हे मानले, तरी शतकानुशतके लुटून त्यांना जमले नसते इतकी आमची थैली तुमच्या व्यापाराने थोड्या वर्षांत रिकामी केली, असा त्यांचा हिशेब होता.