घारापुरीची डोंगरफेरी

घारापुरीची डोंगरफेरी : मुंबई बंदरातल्या घारापुरी बेटाच्या दोन्ही टेकड्या एका दिवसात पायी जोडणारी, धक्क्यावरून निघून धक्क्यावरच परतणारी भटकंती. कागदोपत्री बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात येते. पण गेटवे ऑफ इंडियावरून लाँचने तासाभरात पोचता येत असल्याने मुंबईकर ते आपलेच धरून चालतो. या फेरीला खुणा रंगवलेला किंवा पाट्या लावलेला ठरीव मार्ग नाही. पायऱ्या, लेण्यांपुढची वाट आणि गावकऱ्यांच्या पायवाटा जोडत ती करायची असते, त्यामुळे दोघांची फेरी सहसा सारखी होत नाही.

बेट सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. मधोमध उत्तर-दक्षिण अशी खोल घळ असून तिने बेटाचे दोन भाग केले आहेत. पश्चिमेच्या टेकडीत प्रसिद्ध शैव लेणी आहेत. पूर्वेची टेकडी अधिक उंच, १७३ मीटर. तिला स्तूप टेकडी म्हणतात. उतारांवर आंबा, चिंच, करंज यांची दाट झाडी आणि अधूनमधून ताड. किनाऱ्याला वाळू कमी, चिखल फार, आणि चिखलाच्या कडेने तिवरे. वस्त्या तीन : वायव्येला शेतबंदर, ईशान्येला मोराबंदर आणि दक्षिणेला राजबंदर. दगडी हत्ती होता तो राजबंदरच्या बाजूला. त्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. हा हत्ती १८६४ मध्ये मुंबईत हलवला गेला आणि आज तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात, म्हणजे राणीच्या बागेत उभा आहे. ज्याच्यावरून नाव पडले तो बेटावर नाहीच, हे पहिल्यांदा येणाऱ्याला अनेकदा परत गेल्यावर कळते.

कळसूबाई, हरिश्चंद्रगड केलेली मंडळी १७३ मीटर हा आकडा ऐकून हसतात. सह्याद्रीतल्या कितीतरी गडांचा पायथाच याहून उंचावर असतो. इथे मात्र चढ खरोखर शून्यापासून सुरू होतो आणि दमटपणा सुरुवातीपासून अंगाला चिकटतो. धक्का लांबलचक आहे. त्यावरून छोटी आगगाडी चालते, पण पायी जाणे बरे. ओहोटी असेल तर दोन्ही बाजूंच्या चिखलात खेकड्यांची बिळे दिसतात. धक्का संपला की सुमारे १२० पायऱ्या लागतात. दोन्ही अंगांना दुकाने, डोक्यावर ताडपत्र्या, आणि त्यांतून गाळून आलेला निळसर उजेड. चालवत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. कैरीच्या फोडी विकणारी बाई तिखट-मीठ लावताना न विचारता सांगून टाकते, ‘‘ताई, पिशवी पुढं धरा, माकडं हायेत.’’ ते ऐकावे. इथल्या माकडांना थंड पेयाची बाटली लांबून ओळखता येते. ती दोन्ही हातांत धरून, झाकण दातांनी सोडवून, ज्याची होती त्याच्याकडे बघत ती पितात.

पहिले लेणे साधारण सहाव्या शतकाच्या मध्याचे मानले जाते. त्यातली सदाशिवाची तीनमुखी मूर्ती सुमारे साडेपाच मीटर उंच आहे. १९८७ मध्ये या लेण्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. नव्वद टक्के फेऱ्या, हा माझा अंदाज, इथेच संपतात. डोंगरफेरी इथून सुरू होते.

लेण्यांच्या वर पश्चिम टेकडीच्या माथ्याला तोफांची टेकडी म्हणतात. वाट मुरमाची आहे. चढताना काही वाटत नाही, उतरताना बूट सरकतात. माथ्यावर ब्रिटिश काळातल्या दोन अजस्र तोफा आहेत. दुपारी नळीला हात लावला तर चटका बसतो, तरी फोटोसाठी तिच्यावर चढणारे असतातच. इथून पाहिले की बेट किती गजबजलेल्या पाण्यात उभे आहे ते ध्यानात येते : तेलाच्या टाक्यांचे जवाहर द्वीप, न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन, नांगरून थांबलेली जहाजे, आणि उत्तरेला जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू. कर्नाटकातल्या ऐहोळेच्या इसवी सन ६३४ च्या शिलालेखात पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणून ‘पुरी’ नगरीचा उल्लेख आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी असे काही अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. तोफांपाशी उभे राहिल्यावर मला पहिला पक्ष पटतो. पुराव्याने नव्हे, नजाऱ्याने.

घळ ओलांडून पूर्वेच्या टेकडीवर गेले की गर्दीचा आवाज एकदम तुटतो. इथे सहावे लेणे आहे, त्याला सीताबाईचे देऊळ म्हणतात, आणि पुढे अर्धवट कोरलेले सातवे. त्यापलीकडे बहुधा कोरडे पडलेले तळे, पाण्याची जुनी टाकी आणि टेकडीच्या उत्तर सोंडेच्या टोकाला विटांच्या स्तूपाचा उंचवटा. हा स्तूप इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापर्यंत मागे नेला जातो. माहिती नसलेला माणूस त्यावर बसून डबा खातो आणि उठून पुढे जातो. करवंदाची जाळी वाटेवर वाकलेली असते. उन्हाळ्याच्या अखेरीस काळी करवंदे मिळतात, एरवी फक्त ओरखडे. फेरीतला हाच भाग सर्वांत सुंदर आणि सर्वांत कमी चालला जाणारा. वाट चुकली तर उतार धरून समुद्राकडे जावे असे वाटते, पण ते करू नये. झाडीखाली कातळ तुटलेला असतो, आणि खाली उतरलाच तर तिवरांच्या चिखलात गुडघाभर रुतता. माघारी येऊन वाट शोधणे शहाणपणाचे.

हिवाळ्यातली सकाळ सर्वांत चांगली. पावसाळ्यात टेकड्या हिरव्यागार होतात खऱ्या, पण कातळावर शेवाळ धरते आणि समुद्र खवळला की लाँच बंद राहतात. सोमवारी लेणी बंद असतात. महाशिवरात्रीला भाविकांची रीघ लागते, त्या दिवशी फेरीचा बेत आखू नये. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. बेटाची तहान मुख्यतः पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर भागते. वीजसुद्धा उशिराच आली, फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून टाकलेल्या साडेसात किलोमीटर केबलमधून.

पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही, म्हणून या फेरीचे वेळापत्रक चढ-उतारापेक्षा परतीची लाँच ठरवते. मोराबंदरच्या बाजूने शेतबंदरला परतताना घाई होते ती याच कारणाने. गेटवेवर दिलेले परतीचे तिकीट खिशात घामाने ओले झालेले असते, ते दोन बोटांनी जपून उलगडावे लागते. शेवटची लाँच सुटेपर्यंत पायऱ्यांवरचे दुकानदार माळा आणि दगडी हत्ती पेट्यांत भरायला लागलेले असतात.