बुडाचा काळा डाग आणि संजीवकाची फवारणी

‘पॉलिहाऊसमधल्या टोमॅटोच्या बुडाला काळा डाग दिसला की जीएची (जिब्रेलिक आम्ल या वाढीच्या संजीवकाची) फवारणी घ्या, डाग थांबतो,’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. फवारणीनंतरची फळे कधी कधी खरोखरच स्वच्छ येतात, त्यामुळे तो पटणे स्वाभाविक आहे. मात्र मधल्या काळात बहुधा पाणी देणेही नियमित झालेले असते. हा डाग मुळात रोगाचा नसून, फळ वेगाने वाढताना त्याच्या टोकाला कॅल्शियम अपुरे पडल्याने तिथल्या पेशी कोलमडतात. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढते आणि जिथून बाष्पोत्सर्जन जास्त त्या पानांकडे वळते. फळाच्या वाट्याला थोडेच येते. जिब्रेलिक आम्लाने हा विकार उलट वाढल्याचे प्रयोगांत दिसले आहे. (फळधारणेसाठी ऑक्सिन हे दुसरे संजीवक वापरतात ते वेगळे, त्याचीही मात्रा चुकली तर फळे पोकळ होतात.)

पडताळणी घरच्या घरी होते. डाग देठाच्या विरुद्ध टोकाला, कोरडा, चामड्यासारखा आणि किंचित खोलगट आहे का, ते पाहावे. दुपारी ड्रिपरखालची माती मुठीत दाबून ओलावा बघावा. मग दोन ओळींना सारखेच पाणी, थोडे थोडे आणि वेळच्या वेळी देऊन, फवारणी एकीवरच करावी. डागी फळ सुधारत नाही, ते तोडावे. तुलना त्यानंतर धरलेल्या फळांचीच करावी.