डेनिस अ‍ॅटकिन्सन: उपकर्णधारपदाचा वाद आणि 347 धावांची भागीदारी

रणजी करंडक 1934 पासून दर हंगामात खेळला जात असताना वेस्ट इंडीजमध्ये नियमित स्पर्धाच नव्हती. जुनी आंतरवसाहत स्पर्धा 1939 मध्ये बंद पडली आणि नवी सुरू व्हायला 1966 उजाडावे लागले. मधल्या काळात बेटे सवडीप्रमाणे एकमेकांशी खेळत. डेनिस अ‍ॅटकिन्सनची कारकीर्द नेमकी या पोकळीत बसते. उजव्या हाताचा फलंदाज, मध्यमगती आणि ऑफस्पिन टाकणारा हा अष्टपैलू मुख्यतः बार्बाडोसकडून आणि काही काळ त्रिनिदादकडूनही खेळला. त्याचे कसोटी पदार्पण 1948 च्या दिल्ली कसोटीत झाले. 1950 च्या गाजलेल्या इंग्लंड दौऱ्यावर तो नव्हता.

त्याचे नाव वादात सापडले ते 1954-55 मध्ये. ऑस्ट्रेलियाचा संघ येणार होता. मंडळाने कर्णधाराबरोबर उपकर्णधारही बराच आधी जाहीर केला, आणि तो होता अ‍ॅटकिन्सन. तिन्ही ‘डब्ल्यू’, म्हणजे वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट हे आघाडीचे फलंदाज, संघात असताना! त्यांच्यापैकी वॉरेलने तर आधीच्याच मालिकेत उपकर्णधारपद सांभाळले होते. तिघेही बार्बाडोसचेच, पण काळे आणि इंग्लंडच्या लीगमध्ये पैसे घेऊन खेळणारे, अ‍ॅटकिन्सन गोरा. बार्बाडोसमध्ये तेव्हा क्लबही वर्ण आणि वर्ग पाहून वेगळे होते, त्यामुळे या निवडीचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. पुढच्या न्यूझीलंड दौऱ्याचा विचार करून हे ठरले, असे समर्थन झाले. ते फार तर अर्धे पटते. नेतृत्वाची परंपराच गोऱ्यांची होती. अपवाद 1948 मधल्या एका कसोटीचा.

कर्णधार जखमी होत राहिला आणि पाचपैकी तीन कसोट्यांत धुरा अ‍ॅटकिन्सनवर आली. मालिका 0-3 अशी गेली. लोकांचा राग मंडळावर होता, पण मैदानात समोर सापडत होता हाच.

त्यातच ब्रिजटाऊनची कसोटी आली. ऑस्ट्रेलियाच्या 668 समोर अवस्था 6 बाद 147. मग अ‍ॅटकिन्सनने दुसरीच कसोटी खेळणाऱ्या यष्टिरक्षकाला साथीला घेऊन एक अख्खा दिवस फलंदाजी केली. सातव्या जोडीची भागीदारी 347, त्यात त्याच्या 219. ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात त्याने पाच बळीही घेतले. एकाच कसोटीत द्विशतक आणि डावात पाच बळी हे तोपर्यंत कोणालाच जमले नव्हते. सामना अनिर्णित राहिला. निवड चुकीची होती हे या खेळीने पुसले जात नाही. मात्र निव्वळ रंगामुळे संघात घुसलेला खेळाडू असा शिक्का त्याच्यावर मारणे अन्यायाचे आहे.

न्यूझीलंडमध्ये त्याने मालिका 3-1 अशी जिंकली. तरी आठवण राहिली ती ऑकलंडच्या पराभवाची. त्याने डावात 53 धावांत 7 बळी घेतले, पण संघ 77 धावांत गारद झाला आणि न्यूझीलंडला पहिला कसोटी विजय मिळाला. सात कसोट्यांचे त्याचे नेतृत्व तिथेच संपले. 1958 मध्ये पाकिस्तानविरुद्ध तो शेवटची कसोटी खेळला आणि 1960-61 पर्यंत बार्बाडोसकडून खेळत राहिला. त्याच हंगामात ऑस्ट्रेलियाला गेलेल्या संघाचे नेतृत्व मात्र 1954 मध्ये डावललेल्या त्याच वॉरेलकडे होते.

सातव्या जोडीचा 347 चा प्रथमश्रेणी विक्रम 1994-95 मध्ये रणजी सामन्यात पंजाबच्या जोडीने दिल्लीविरुद्ध 460 करून मोडला. कसोटीतला अजून टिकून आहे.