बंपर चेपलाय? क्लेम टाकण्याआधी हा हिशेब करा

घोडबंदर रोडच्या रांगेत मागून ठोकर बसते, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांब लागतो, आणि बंपर आत जातो. अशा वेळी आधी पॉलिसी उघडून बघा. त्यात 'ओन डॅमेज' चालू असेल तरच स्वतःच्या बंपरचे पैसे मिळतात, नुसत्या थर्ड पार्टीत, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरत्या विम्यात, मिळत नाहीत. सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम 3 वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे 'विमा आहे ना' म्हणून बरेच जण निर्धास्त राहतात आणि ओन डॅमेजची मुदत मात्र वर्षभरातच संपलेली असते.

जुनी गाडी घेतली असेल तर आणखी एक गोष्ट. आरसीवर तुमचं नाव चढलं, पण पॉलिसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर, अशा स्थितीत क्लेम अडकतो. नाव बदलण्याचा अर्ज 14 दिवसांत कंपनीकडे द्यायचा असतो. ठाणे किंवा वाशी आरटीओचं काम झालं म्हणजे विम्याचंही झालं, असं धरू नका.

आता पैशांचं बघू. बंपर प्लॅस्टिकचा, म्हणून नव्या बंपरच्या किमतीत 50 टक्के घसारा (झिजेपोटी धरलेली घट) कापतात. पॉलिसीत 'झिरो डेप' हे जादा कव्हर घेतलं असेल तर हा घसारा कापत नाहीत. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये आणि त्यावरच्या गाडीला 2000 रुपये आपल्या खिशातून जातात. खरा फटका नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीचा. समजा, बोनस धरला नाही तर तुमचा ओन डॅमेजचा हप्ता 10,000 रुपये आहे आणि 50 टक्के बोनसमुळे तुम्ही 5000 भरता. क्लेम घेतलात की पुढच्या वर्षी पूर्ण 10,000 आणि त्यानंतरच्या वर्षी 20 टक्के सूट धरून 8000. दोन वर्षांतच 8000 रुपये जादा गेले. म्हणून नुसता पोचा असेल तर क्लेमच्या वाटेला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. गरम पाणी ओतून आतून दाबलं की बरेच पोचे बाहेर येतात, आणि बारीक चीर प्लॅस्टिक वेल्डिंगने भरते. क्लिपा तुटल्या असतील, फॉग लॅम्प किंवा सेन्सरही गेला असेल, तर मात्र क्लेम परवडतो.

क्लेम घ्यायचाच असेल तर गाडी हलवण्याआधी नंबरप्लेट दिसेल असे फोटो काढा आणि लगेच कंपनीला कळवून क्लेम नंबर घ्या. क्लेम फॉर्म, पॉलिसी, आरसी, त्या वेळी जो गाडी चालवत होता त्याचं लायसन्स, ओळखपत्र आणि गॅरेजचं एस्टिमेट एवढी कागदपत्रं लागतात. कोणी जखमी झालं किंवा दुसऱ्याचं नुकसान झालं असेल तर पोलिसांतही नोंद करा.

कंपनीची पाहणी होईपर्यंत बंपरला हात लावू देऊ नका. माझ्या वेळी गॅरेजवाल्याने घाईने बंपर उतरवून ठेवला, आणि तो कसा चेपला होता हे पटवून देण्यात माझे कितीतरी दिवस गेले. लहान नुकसानीची पाहणी फोटो किंवा व्हिडिओवरही होते. मंजुरी आली की काम सुरू करायचं. कॅशलेस गॅरेज असेल, म्हणजे कंपनी थेट गॅरेजला पैसे देत असेल, तर घसारा आणि आधी सांगितलेले 1000 किंवा 2000 रुपये तेवढे तुम्ही भरायचे. नसेल तर आधी पूर्ण बिल भरून, बिल आणि पावती कंपनीकडे द्यायची.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, तिथे दाद लागली नाही तर 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.