सहा पट्ट्यांचं कोडं अवघड कसं होत गेलं

बेलापूरच्या अर्बन हाटमधून मी शिसमची दोन कोडी आणली. सहा आखूड पट्ट्या एकमेकींत अडकून झालेली फुली, बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखी. पहिल्यातली एक पट्टी अंगठ्याने ढकलली की सरळ बाहेर येते आणि बाकीच्या हातात गळतात. दुसऱ्यातली पट्टी जेमतेम बोटाच्या पेराएवढी सरकते आणि अडते.

अशा कोड्याला इंग्रजीत 'बर' म्हणतात, म्हणजे कपड्याला चिकटणारं गोखरूसारखं काटेरी फळ. हे नाव एडविन वायट यांच्या १९२८ च्या पुस्तकात आढळतं. कोडं त्याहून पुष्कळ जुनं आहे. सेबास्तियां लक्लेर्क यांच्या १६९८ च्या एका कोरीव चित्रात ते दिसतं. चीनमध्ये ते सुतारांचा आद्यगुरू लू बान याच्या नावाने 'लू बानचं कुलूप' म्हणून ओळखतात.

पट्ट्या वाढवल्या की कोडं कठीण होतं, असं आपल्याला सहज वाटतं. पण १८९० मध्ये विल्यम आल्टेक्रूस यांनी पेटंट घेतलेल्या कोड्यात १२ पट्ट्या असून सगळ्या एकाच मापाच्या आहेत. ते दोन्ही बाजूंनी धरून ओढलं की अर्धं-अर्धं सरकत सुटतं.

खरी मेख आतल्या पोकळीत आहे. जुनी कोडी आतून भरीव असायची. खाचा एकमेकींत गच्च बसलेल्या, त्यामुळे किल्लीची, म्हणजे सगळ्यांत आधी सरळ बाहेर येणारी पट्टी एकदा सापडली की काम झालं. गणितज्ञ बिल कटलर यांनी भरीव प्रकार मोजले, तेव्हा जुळणीच्या १,१९,९७९ रीती निघाल्या. आत मोकळी जागा ठेवली तर पट्ट्या सुटण्याआधी इकडेतिकडे सरकू लागतात, आणि पहिली पट्टी बाहेर यायला लागणाऱ्या चालींवरून पातळी ठरते. कटलर यांच्याच 'बिल्स बॅफलिंग बर'ची पातळी ५ आहे. १९९० पर्यंत त्यांनी संगणकावर सहा पट्ट्यांच्या सर्व जुळण्या तपासल्या, सुमारे ३,५६५ कोटी! त्यांत सर्वात वरची पातळी १२ निघाली. मात्र सोडवण्याची एकच रीत असलेल्या कोड्यांत ती १० च्या वर जात नाही. जागा जास्त म्हणून कोडं अवघड, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

यात सुताराचा हात फार महत्त्वाचा. खाच किंचित सैल पडली की पट्टी तिरकी फिरते आणि चाली चुकवून भलत्याच वाटेने निसटते. घट्ट खाचेचा त्रास वेगळा, विशेषतः आमच्या ठाण्यात. जुलैच्या दमट हवेत लाकूड आडवं फुगतं. दुसरं कोडं तेव्हा मला मुळीच हलेना, मी माझीच चाल चुकली असं धरून दोन आठवडे घालवले. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाली, तेव्हा तीच पट्टी चौथ्या चालीत अलगद बाहेर आली.